चुकलेल्या मापाचं दार

फोन आला तेव्हा मी करमाडला मावसबहिणीकडं होते, पुढ्यात पोह्यांची ताटली. आमच्या ह्यांचा आवाज ओळखूच येईना. "शैला, वहिनी गेल्या," एवढंच म्हणाले आणि पुढं नुसतं रडणं ऐकू आलं. तेहतीस वर्षांच्या संसारात मी ह्या माणसाला असं रडताना ऐकलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा नाही, आणि माझं ऑपरेशन झालं तेव्हा तर नाहीच, तेव्हा साहेब बाहेर बाकावर बसून पेपर वाचत होते. आता लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय… माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. मी गेले असते तर हा माणूस एवढा रडला असता का, हे आलं. त्याच्या पाठोपाठ आलं की आता महिनाभर घरात फक्त तिचंच नाव. मग ताटली बाजूला सारली आणि मीही रडले. पण क्रम हाच होता, तो बदलून सांगण्यात अर्थ नाही.

कमलताई म्हणजे माझी थोरली जाऊ. देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याची लेक, चौथी शिकलेली. मी शहरातली, बी.ए. झालेली, पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न होऊन गारखेड्यातल्या ह्या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, इथं आपलंच चालणार. कसलं काय! सासूबाईंना पाणी हवं असलं तरी हाक "कमल" अशीच यायची, मी समोर उभी असले तरी. माझा ओंकार तिला मोठी आई म्हणायचा आणि शाळेतून आला की दप्तर माझ्या अंगावर टाकून तिच्याकडं पळायचा. मी पोराला इंग्रजी शिकवत होते, पाढे पाठ करून घेत होते, आणि ती त्याला काय द्यायची, तर गरम भाकरीवर तेल-तिखट. पारडं तिकडंच झुकायचं. मी एकदा मुद्दाम तसंच तेल-तिखट करून दिलं, तर म्हणतो कसा, मोठ्या आईसारखं नाही झालं. त्या दिवशी मी भाकरी त्याच्या पुढून उचलली होती. तो सात वर्षांचा होता.

आणि तिचं ते मोजणं. टेप, मोजपट्टी असल्या वस्तूंना तिनं आयुष्यात हात लावला नाही. टेपवरच्या बारीक रेघा तिला कळत नव्हत्या आणि कळून घ्यायची तिला हौसही नव्हती. पडद्याचं कापड, पलंगाची चादर, उन्हाळ्यात गच्चीवर टाकायची जाळी, सगळं वीत आणि बोटांवर. गुलमंडीतल्या कापडवाल्याला सरळ सांगायची, "सात विता आन् चार बोटं." तो आधी हसायचा, मग तिच्या पसरलेल्या पंजाकडं बघून कापड फाडायचा. घरी आणून लावलं की पडदा अस्सा बरोब्बर बसायचा, सुतभर इकडं नाही की तिकडं नाही. मी तीनदा मोजून, कागदावर लिहून नेलेला माझ्या खोलीचा पडदा मात्र आखूड पडून खिडकीच्या वरच लोंबत राहिला. अजून तसाच आहे, बघायला या.

आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्या बहिणी की जावा, ह्यावर बायकांचं एकमत नाही. सासूबाई जावाच म्हणायच्या आणि आमच्याकडं बघून हसायच्या. पितळी मुखवटे तुळशीपासून घरात आणायचे. थोरलीच्या हातात ज्येष्ठा, धाकटीच्या हातात कनिष्ठा, आणि दोघींनी जोडीनं, एकदमच दारातून आत पाऊल टाकायचं, ही आमच्या घरची रीत. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा दार त्या हिशेबानंच केलं होतं. जुन्या सागवानाचं, दोन फळ्यांचं, प्रत्येक फळीत तीन चौकोनी पॅनल, रुंदी साडेचार फूट. आत कुणीतरी थाळी वाजवायचं आणि विचारायचं, कोण आलं? आणि ताई खणखणीत आवाजात सांगायची, महालक्ष्मी आली, सोन्याच्या पावलांनी आली. मी शेजारी असायचे, खांद्याला खांदा लावून, पण उत्तर कधी माझं नसायचं. माझी नजर सगळा वेळ तिच्या हातातल्या ज्येष्ठेवर असायची. सत्तावीस वर्षं मी कनिष्ठा धरली. शाळेत मुख्याध्यापिका झाले तरी इथं कनिष्ठाच.

सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि पहिलं काम काय केलं, तर वेगळं व्हायचं काढलं. भांडण म्हणाल तर काहीच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. वर दोन खोल्या चढवायच्या, एका कुटुंबानं वर राहायचं, एकानं खाली, आणि जिना बाहेरून. इंजिनियर आतूनच जिना काढा म्हणत होता, पण वर जाणारी पावलं माझ्या घरातून जायला मला नको होती. आणि मला खालचा मजला हवा होता, कारण देवघर खाली, महालक्ष्म्या खालीच बसणार. पंधरा दिवस मी मनातल्या मनात वाद घालून ठेवला होता. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, काय म्हणतील, मी काय उत्तर देईन, सगळं तयार होतं. जेवताना विषय काढला, तर ताई भाकरी थापता थापता म्हणाली, "खालचं तू घे शैला. माझे गुडघे चांगले हायेत अजून." झालं, संपलं. भांडून घ्यावं तर ती बाई आधीच देऊन मोकळी, आणि दिलेलं घेतलं की आपण लहान. आयुष्यभर तिनं मला असंच लहान ठेवलं.

तर जिना समोरच्या भिंतीला लागून निघाला आणि त्यानं दाराची जागा फूटभर खाल्ली. साडेचारचं दार साडेतीनच्या जागेत बसवायचं आलं. घरात सगळे म्हणाले, नवं दार आणा, आजकाल काय सुंदर मिळतात. त्यावर मात्र आम्ही दोघी एकदम नाही म्हणालो. एकमत व्हायची आमची ती बहुधा एकच वेळ.

जुन्या शहरातून शब्बीर मिस्त्री आले. दाराभोवती दोन फेऱ्या मारल्या, फळीवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले की असं दार कडेनं करवत चालवून लहान करता येत नाही. तसं केलं तर बाजूची उभी पट्टीच निघून जाईल आणि दाराचा जीवच जाईल. दार पूर्ण खोलायचं, खुंट्या ठोकून काढायच्या, आडव्या पट्ट्या आणि पॅनल आखूड करायचे, आणि मग पुन्हा जसंच्या तसं जोडायचं. त्यांनी चौकट अरुंद करून जागेवर बसवली, दाराच्या फळ्या टेंपोत घातल्या. टेंपो निघाला तशी ताई फाटकापर्यंत गेली आणि म्हणाली, "कापलेलं लाकूड फेकू नका मिस्त्री, समदं घरी आणा." मला वाटलं, गावची बाई, चुलीची सवय, जळण गोळा करतेय. तसं मी ह्यांना बोलूनही दाखवलं.

बाजूचं सिमेंट वाळल्यावर चौकटीचं पक्कं माप घ्यायला मिस्त्री येणार होते, ते तापानं आजारी पडले. महालक्ष्म्या दहा दिवसांवर. मी म्हटलं, त्यात काय एवढं, मी घेते. आता हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. चौकटीला आतून चहूबाजूंनी एक खाच असते, दार लागतं तेव्हा त्या खाचेत जाऊन टेकतं. म्हणून माप खाचेपासून खाचेपर्यंत घ्यायचं असतं. मी घेतलं समोरच्या कडेपासून कडेपर्यंत. ताई मागं उभी होती, हातात निवडायची मेथी. वाकून बघत म्हणाली, "शैला, तिथं बोट आत जातंय बघ. ते बी धरायचं नाय का?" चौथी शिकलेली बाई मला माप शिकवणार! मी म्हटलं, ताई, हे इंचाचं काम आहे, वितीचं नाही. आणि तिच्यासमोरच मिस्त्रींना फोन लावून ठसक्यात आकडे सांगितले. ती मेथी निवडत बसली.

दार आलं ते रुंदीला एक इंचानं कमी. लावायला गेलं की चौकटीत थांबेचना, फळ्या आरपार आत-बाहेर हलायच्या. हे, भाऊजी, ओंकार, सगळे अंगणात गोळा झाले. मी मिस्त्रींवर तुटून पडले, डोळे कुठं होते तुमचे म्हणाले, एवढं जुनं दार मातीत घातलंत म्हणाले. तापातून उठलेला म्हातारा माणूस, दाराला हात लावून उभा. शांतपणे म्हणाले, "फोन पे जैसा नाप मिला, वैसाच काटा मैं." आता पुढचा प्रश्न यायचा होता, फोन कुणी केला… माझे कान गरम झाले. तेवढ्यात ताईनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "माप म्या सांगितलं व्हतं. माझीच चूक."

मिस्त्रींनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. फोनवर माझा आवाज त्यांनी ऐकला होता. मग म्हणाले, "हौ. हो जाती गलती." भाऊजी घसा खाकरून आत निघून गेले. हे म्हणाले, जाऊ द्या वहिनी, होतं असं. आणि मी? मी मुख्याध्यापिका, मुलांना खरं बोलायला शिकवण्यात जिची हयात गेली ती मी, दाराकडं बघत गप्प उभी राहिले.

मग ताईनं दारासोबत परत आलेले ते कापलेले तुकडे बाहेर काढले. पॅनलचे, पट्ट्यांचे, सगळे. त्याच झाडाचं लाकूड, तोच जुना काळपट रंग. मिस्त्रींचा चेहरा खुलला. त्यांनी ते चिरून अर्ध्या इंचाच्या पट्ट्या केल्या आणि दोन्ही फळ्यांच्या मधल्या कडांना, जिथं त्या एकमेकींना मिळतात तिथं, तुकड्याला तुकडा जोडत वरपासून खालपर्यंत बसवल्या. रंधा मारून, तेल लावून दार उभं केलं तर कुणाला सांगूनही पटलं नसतं. पण जवळून बघितलं की मधोमध त्या जोडाच्या रेघा दिसतात. कडी लावायला हात गेला की बोटांना लागतात. दिवसातून दहा वेळा मी ती कडी लावते, काढते. म्हणजे बघा.

त्या वर्षी महालक्ष्म्या आणताना आम्ही दोघी दारात आलो आणि अडलो. साडेतीन फुटांत मुखवटे धरलेल्या दोन बायका जोडीनं मावेनात. जिना मीच मागितला होता, पण हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आत थाळी वाजतेय, आणि आम्ही बाहेर. ताई एक पाऊल मागं सरली. तिनं ज्येष्ठा माझ्या हातात दिली, माझ्याकडची कनिष्ठा घेतली आणि म्हणाली, "घर तुझं हाय. तू हो म्होरं." सत्तावीस वर्षं जिच्यावर डोळा ठेवला ती ज्येष्ठा अशी माझ्या हातात आली. मी पुढं झाले, सगळ्यांच्या आधी आत पाऊल टाकलं. आणि आत बसलेली झाडून सगळी माणसं माझ्या खांद्यावरून मागं बघत होती, थोरल्या कुठायत म्हणून. उत्तरही तिनंच दिलं, मागून. त्यानंतर दर वर्षी असंच. पुढं मी, आवाज तिचा. शेजारच्या बायका हळदीकुंकू घ्यायला माझ्याकडं यायच्या, आणि जाताना पाच मिनिटं वर जाऊन येतो म्हणायच्या. त्या पाच मिनिटांचा तास व्हायचा. त्यांचं हसणं मला खाली ऐकू यायचं.

यंदा आषाढात ती गेली. सकाळी वर कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं, दमले म्हणून खुर्चीत बसली, भाऊजी चहा घेऊन आले तोवर संपलं होतं. कुणाकडून सेवा करून घेतली नाही, म्हणजे तिथंही ती कुणाचं देणं मागं न ठेवता गेली. तेराव्याला देवगावची माणसं आली होती. जो तो तिचं काहीतरी सांगत होता. शेवटी भाऊजी म्हणाले, "कमळीचं आयुष्यात एकच माप चुकलं. ह्या दाराचं." सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. भाऊजींनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पान लावायला घेतलं. मला काय झालं सांगू… माझी चूक होती ती! माझ्या नावावर राहिली असती तर शैलाचा हट्ट, शैलाचा ताठा म्हणून सांगितली गेली असती. तिच्या नावावर गेली आणि गोड झाली. माझ्या चुकीवरसुद्धा तिनं लोकांचा जीव लावून घेतला. मी वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

पुढच्या आठवड्यात तिची खोली आवरायला वर गेले. तिच्या पलंगाखाली जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं एक गाठोडं होतं, जड. सोडलं तर दाराचे उरलेले तुकडे. सहा वर्षं नीट पुसून, तेल लावून ठेवलेले. भाऊजींना विचारलं, हे कशाला जपलं हिनं? ते म्हणाले, "म्हणायची, असू द्या, परत कधी लागलं तर." परत कधी लागलं तर! म्हणजे अजून चुकायला जागा करून ठेवली होती बाईनं माझ्यासाठी. मी तिथंच पलंगावर बसले. राग आला, खरंच सांगते, लई राग आला, आणि त्या गाठोड्याला तिच्या तेलाचा वास येत होता.

यंदा आरास नाही, पाहुणे नाहीत, पण महालक्ष्म्यांत खंड पाडायचा नाही असं भाऊजींनीच ठरवलं. कनिष्ठा कोण धरणार, हे कुणी काढलं नाही. ओंकारचं लग्न व्हायचंय, घरात बाई माणूस मी एकटी. मी तुळशीपासून निघाले, उजव्या हातात ज्येष्ठा, डाव्या हातात कनिष्ठा. दारात आले आणि थांबले. आत ओंकार थाळी घेऊन उभा, हे समया लावत होते, भाऊजी खुर्चीवर. विचारायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनीच विचारलं, कोण आलं?

मागून आवाज यायचा होता. सवयीनं मी वाट बघितली. ओंकारची थाळी एका लयीत वाजत राहिली. मग माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"दाराचं माप मी सांगितलं होतं. फोन मी केला होता, ताईनं नाही."

थाळी थांबली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, काडी विझेपर्यंत हातात धरून ठेवली. भाऊजी म्हणाले, "शैला, तिला टेप कुठं वाचता येत होता?"

इतकं साधं होतं ते. इंचातलं माप, आणि ते म्हणे कमलताईनं सांगितलं. वीत आणि बोटांच्या बाईनं! त्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते त्याच मिनिटाला कळलं असणार. इतकं कच्चं खोटं कुणी बोलत नाही. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? भाऊजी म्हणाले, "तिनंच बोलू दिलं नाही. म्हणायची, तिचं ती सांगंल."

सहा वर्षं ती वर राहून वाट बघत होती, आणि मी खाली राहून तिचं हसणं मोजत होते. थोरलेपण मला हवं होतं. आता तेही आहे माझ्याकडं, घरात माझ्यापुढं कुणी नाही. नको आहे मला ते. ती असती तर म्हणाली असती, असू दे शैला, आणि पुन्हा सगळ्यांनी तिलाच चांगलं म्हटलं असतं, आणि मी पुन्हा जळले असते. जळते अजूनही. खोटं बोलायची अक्कल नसलेली बाई, आणि घरभर माणसांनी ते जपून ठेवलं…

"आत ये," भाऊजी म्हणाले, "देव्या खोळंबल्यात."

दोन्ही हातांत मुखवटे घेऊन सरळ जाता येईना. मी तिरकी झाले. खांदा दाराला, त्या जोडाच्या रेघांना घासला. उजवा हात आधी आत घातला. ज्येष्ठा पुढं गेली, मग मी.